वळचण

डॉक्टरांनी मला रोज तासभर चालायला सांगितले, तेव्हा मी त्यांना मोठ्या ऐटीत म्हणालो, "अहो, हे शहर मला तोंडपाठ आहे. त्यात आणखी चालून काय पाहायचं?"

"शहर पाहू नका हवं तर," डॉक्टर म्हणाले, "पण साखर उतरवायला तरी चाला." आणि त्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

माझी ऐट अगदीच पोकळ नव्हती. वास्तुविशारद म्हणून पस्तीस वर्षे मी मुंबईत घरे बांधत आलो आहे. पण हे शहर मी पाहिले ते एकतर नकाशावर, घारीसारखे वरून. नाहीतर मोटारीच्या काचेतून. घराचा चेहरा कागदावर रेखाटणे वेगळे नि त्याच घराच्या अंगावरून पायी जाणे वेगळे, हे मला साठी उलटल्यावर, साखरेच्या कृपेने कळले.

पहिले काही दिवस मी ओव्हल मैदानावर काढले. तिथे चालू लागले की एका हाताला १८७८ साली पुरा झालेला राजाबाई टॉवर, दुसऱ्या हाताला १९३० नंतरच्या काळातली, गोल वळणाच्या सज्ज्यांची घरे. या दोन रांगांना युनेस्कोने २०१८ साली जागतिक वारशात जागा दिली. टॉवरचा आराखडा करणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलेच नाहीत. विलायतेत बसून त्यांनी नकाशे पाठवले. तरीही टॉवरच्या पोटाशी असलेल्या ग्रंथालयाला कमानींच्या ओवऱ्या आहेत. इथले ऊन आणि पाऊस त्या गृहस्थाने न पाहताही जमेस धरला होता. मी मात्र इथलाच, पावसात वाढलेला. पण तो विचार तेव्हा मनात आला नाही. तो यायला जुलै उजाडावा लागला.

जुलैतल्या एका सकाळी मी बोरीबंदरला उतरलो आणि आभाळ फाटले. छत्री घरी राहिलेली. समोर दादाभाई नौरोजी रस्ता. धावत जाऊन पहिल्या इमारतीच्या कमानीखाली शिरलो आणि तसाच चालत राहिलो. एका इमारतीची ओवरी संपली की दुसरीची सुरू होई. मध्ये एखादी गल्ली आडवी आली तर तेवढ्यापुरते चार शिंतोडे. हुतात्मा चौकात पोचलो तेव्हा माझा सदरा जवळजवळ कोरडा होता.

हा काही योगायोग नाही. १८६० नंतरच्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचा तट पाडला गेला, आणि पुढे हा रस्ता रुंद झाला. तेव्हाचे त्याचे नाव हॉर्नबी रोड. १८९६ साली सरकारने नियम घातला की, या रस्त्यावर बांधणाऱ्या प्रत्येकाने तळमजल्यावर, रस्त्याच्या अंगाला, चालणाऱ्यांसाठी ओवरी ठेवलीच पाहिजे. वर काय हवे ते करा. म्हणून वर पाहाल तर एकाचे घर दुसऱ्यासारखे नाही. कुणाला टोकदार कमानी आवडल्या, कुणाला ग्रीक धाटणीचे खांब. खाली मात्र सारे हातात हात घालून उभे आहेत.

धंद्यातला माणूस म्हणून मी खांबाखांबाशी थांबलो. तुम्हीही कधी थांबून पाहा. मुंबईचा पाऊस सरळ पडत नाही, तो समुद्रावरून तिरपा येतो. नुसते छप्पर त्याला अडवीत नाही. छप्पर जितके उंच, तितकी ओवरी खोल हवी. इथे ती खोल आहे. त्यातून दुकानाच्या काचेवर ऊन येत नाही, माल विटत नाही, आणि पावसाला थांबलेला माणूस सहज आतला मालही पाहतो. दुकानदाराचे यात नुकसान नाही. मालकाने दिली ती तळची एक पट्टी. वरचे मजले त्याचेच राहिले.

पाऊस ओसरला तसा मी धोबीतलावावरून गिरगावाकडे वळलो. तिथे माझी एक इमारत आहे. जुनी चाळ पाडून मी ती उभारली, आणि तिचे छायाचित्र माझ्या कचेरीत, पाहुण्यांना दिसेल असे टांगले आहे. इमारतीशी पोचतो तोच पुन्हा सर आली.

मी आडोसा शोधू लागलो. माझ्याच इमारतीत! रस्त्याला लागून पुरुषभर उंचीची भिंत. तिच्यामागे मोटारींचे तीन मजले, त्यांना लोखंडी जाळ्या. भिंतीला मी महागातला काळा दगड लावला होता. पाणी त्यावरून झुळझुळ वाहत होते, मोठे सुंदर दिसत होते. फाटकाच्या छपराखाली शिरलो, तर पहारेकरी उठला.

"बाबा, इथं थांबायचं नाही. गाड्या येतात."

'अरे, ही इमारत मी बांधली,' असे अगदी ओठावर आले होते. पण त्या पोराचे काय चुकले? नकाशात मी थांबायला जागाच ठेवली नव्हती. तो बिचारा माझाच नकाशा मला वाचून दाखवीत होता.

समोर अजून एक जुनी चाळ उभी आहे. रस्त्यावर झुकलेली लाकडी गॅलरी, तिच्याखाली ओटा. तिकडे पळालो. एक भाजीवाली, दोन शाळकरी मुली, एक पोस्टमन असे आधीच उभे होते. भाजीवालीने टोपली पायाने मागे ओढली. "काका, आत सरका. भिजताय."

कोकणातल्या आमच्या घराची वळचण मला आठवली. पावसात कोणी वाटसरू तिथे येऊन उभा राहिला की आजी आतून विचारी, "कोण रे तिकडं? ओटीवर ये." वळचणीला आलेल्याला हुसकू नये, हे तिचे वास्तुशास्त्र. माझ्या पदवीत ते नव्हते.

त्या चाळीलाही मी चांगला ओळखतो. तिच्या जागी येणाऱ्या इमारतीचा नकाशा माझ्याच टेबलावर आहे. त्यातही तीच भिंत होती. चाळीत सुख होते असे मी म्हणत नाही. समाईक संडासापुढच्या रांगेत माझेही बालपण गेले आहे. ती पडावी, लोकांना चांगली घरे मिळावीत. पण भाजीवाली कुठे उभी राहणार?

त्या रात्री मी भिंत खोडली आणि दहा फुटांची ओवरी काढली. मोटारींना मागून वाट दिली. विकासकाने कागद पाहिला. "साहेब, या दहा फुटांचं भाडं कोण देणार?"

मी त्याला म्हटले, "एकदा माझ्याबरोबर पावसात चालायला या." तो हसला. अजून आलेला नाही. नकाशाही अजून मंजूर नाही. भिंतीचा जुना कागद त्याने जवळ ठेवला आहे. पण तो कागद पुढे केला तर सही दुसऱ्याची घ्यावी लागेल, हे मी त्याला सांगून ठेवले आहे.

माझी साखर थोडी उतरली आहे. रोज सकाळी गिरगावातून जातो. माझ्या इमारतीचा पहारेकरी आता ओळखीचे हसतो. मी कोण, ते मात्र त्याला अजून सांगितलेले नाही. सांगायला तोंड हवे ना!