यंत्राला सांगावे लागते

उजव्या अंगाला चालायची सवय झालेला बैल डाव्या अंगाला जुंपला की अडतो. त्यात बैलाचा दोष नसतो. यंत्राचेही असेच असते, हे मी १९९९ च्या मार्च महिन्यात पाहिले.

रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड १९९० पासून सुरू होती. त्या योजनेमुळे आपल्या कुडाळकडच्या वरकस जमिनीवर आंबा-काजूची कलमे उभी राहिली. अनुदान हप्त्याहप्त्याने मिळे. मी तेव्हा ज्या कचेरीत होतो, तेथून शेतकऱ्यांच्या याद्या ३१ मार्चपूर्वी फ्लॉपीवर वर पाठवायच्या होत्या. अशातच जुन्या संगणकातला सव्वापाच इंची फ्लॉपीचा ड्राइव्ह बंद पडला. साडेतीन इंची नवा ड्राइव्ह आणून बसवला, तर त्याचा दिवा विझेचना आणि फ्लॉपी काही वाचली जाईना. याद्या अडल्या म्हणजे कुणाचे खत अडणार, कुणाच्या कुंपणाची मजुरी थकणार.

बाजारातला दुरुस्तीवाला तरुण आला. त्याने पेटी उघडून पाहिले. चपट्या केबलची लाल कड ड्राइव्हच्या एक नंबरच्या पिनेकडे हवी, ती उलट बसली होती. दिवा सतत जळतो ते त्यामुळेच. त्या केबलमधल्या काही तारा एका जागी पिळलेल्या असतात. पिळानंतरच्या टोकाला जोडलेला ड्राइव्ह ‘ए’, अलीकडचा ‘बी’. म्हणजे बैलांच्या उजव्या-डाव्या अंगासारखेच!

केबल सरळ केली, दिवा विझला, तरी वाचन होईना. तेव्हा तो हसून म्हणाला, “साहेबानू, नवो ड्राइव्ह बसलो, पण मशिनीक कोणी सांगला?” संगणक सुरू होताना कळ दाबून त्याने सेटअपचा तक्ता उघडला. तेथे अजून जुनीच नोंद होती : सव्वापाच इंच, १.२ एमबी. ती बदलून साडेतीन इंच, १.४४ एमबी केली आणि जपून ठेवली. आतला सेलही बदलला, कारण तो उतरला की यंत्र अशा नोंदी विसरते. मग फ्लॉपी सुरळीत वाचली गेली. याद्या दोन फ्लॉप्यांवर उतरवल्या, कारण आपल्या पावसाळी दमट हवेत फ्लॉपीलाही बुरशी धरते.

आज फ्लॉपी गेली. सोनी कंपनीने जपानातली तिची विक्री २०११ मध्ये थांबवली. मोबाइलवरचा एखादा फोटोही तिच्यात मावणार नाही. पण नोंदीचे महत्त्व मात्र वाढलेच आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची पद्धत आली. कलमे डोळ्यांसमोर मोहोरलेली असतात, पण गाव नमुना बारामध्ये त्यांची नोंद नसेल, तर कागदाच्या लेखी तेथे पडच!

तेव्हा बंधू-भगिनींनो, या हंगामात सातबारा काढा आणि घरातल्या शिकत्या मुला-मुलींना तो मोठ्याने वाचायला सांगा. झाडे, क्षेत्र, नावे ताडून पाहा. चूक दिसली तर तलाठ्याकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. त्या अर्जाची एक प्रत घरच्या ट्रंकेत, कोरड्या जागी ठेवा.