नाव माझं, घर दादाचं

आमच्या पुण्याच्या घराच्या कागदांवर आता विश्वस्त म्हणून माझं नाव लागलं आहे, आणि त्या घरातली एक वीटही माझी नाही. ते घर दादासाठी आहे. कायद्याने ते सांभाळायची जबाबदारी माझ्यावर आणि आणखी दोघांवर टाकली आहे. एवढी साधी गोष्ट नीट उमजायला मला फार वेळ लागला. ज्या घरांत दादासारखं माणूस आहे, त्यांना तो वेळ थोडा वाचावा म्हणून हे लिहिते आहे.

दादा माझ्याहून मोठा. त्याला जन्मापासून बौद्धिक दिव्यांगत्व आहे. तो हाताने जेवतो, स्वतःच्या कपड्यांच्या घड्या घालतो, एकदा भेटलेल्या माणसाचं नाव विसरत नाही. पण शंभराची नोट कुठली आणि पाचशेची कुठली, हे त्याला सांगता येत नाही. सही करायला तो शिकला आहे. कशावर करतो आहे, ते मात्र त्याला कळत नाही. ‘आमच्यानंतर याचं कोण?’ हा प्रश्न आमच्या घरात कधी मोठ्याने, कधी मुकाट्याने कायम असायचा. माझं उत्तर ठरलेलं होतं, ‘मी आहे ना.’ त्यामुळे बाबांनी सगळं माझ्या नावावर करावं आणि मी दादाला बघावं, यात कुणालाच काही खटकत नव्हतं.

वकीलबाईंना ते खटकलं. त्यांनी बाबांना विचारलं, “काका, दादाच्या आधी ताईंचं काही बरंवाईट झालं तर? त्यांच्या मिस्टरांचा धंदा बुडाला आणि ताई कर्जाला जामीन असल्या तर?” घर माझ्या मालकीचं झालं की माझ्यामागे ते माझ्या नवऱ्याला आणि मुलांना जाणार; त्या वारसांत दादाचं नाव नाही. माझं देणं फेडायला ते जप्तही होऊ शकतं. मग थेट दादाच्या नावावर केलं तर? तो ते भाड्याने देऊ शकणार नाही, दुरुस्तीचा करार करू शकणार नाही, बँकेत जाऊन पैसे काढू शकणार नाही. आणि काहीच केलं नाही, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बाबांच्या मिळकतीचे आई, दादा आणि मी असे तीन सारखे वाटे होणार, आणि दादाचा वाटा पुन्हा त्याच अडचणीत सापडणार.

त्या बैठकीत मला वाईट वाटलं होतं. माझ्यावर भरवसा नाही का, असं मनात आलं. पण प्रश्न माझ्या प्रेमाचा नव्हताच. मी मरणार आहे, माझ्यावर कर्ज होऊ शकतं, माझा संसार मोडू शकतो, या शक्यतांपासून दादाला वाचवायचं होतं. विश्वस्ताच्या नावावर असलेली मिळकत त्याचे सावकार जप्त करू शकत नाहीत आणि त्याच्या वारसांकडे ती मालकीने जात नाही, हा ट्रस्टचा पाया तेव्हा मला पहिल्यांदा कळला.

तरी ट्रस्ट म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे देवस्थानं, शाळा आणि धर्मादाय रुग्णालयंच यायची. म्हणून मी चौकशीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी समजावून सांगितलं की ते कार्यालय सार्वजनिक न्यासांसाठी आहे आणि त्यांचा कायदा १९५० चा, महाराष्ट्राचा आहे. एका कुटुंबातल्या ठरावीक माणसासाठी केलेला ट्रस्ट खासगी असतो. त्याला १८८२ चा भारतीय न्यास कायदा लागू होतो आणि त्याची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे होत नाही. म्हणजे आमच्या हिशेबावर रोजची नजर ठेवणारं कुठलंही कार्यालय नाही. काही चुकलं तर दाद मागायची ती दिवाणी न्यायालयात, आणि दाद मागणार कोण, तर दादा. हे लक्षात आलं तेव्हा मी फार गंभीर झाले. ज्याच्यासाठी सगळं चाललं आहे, त्याला तक्रार करता येत नाही. मग आमची शिस्त आम्हालाच लावून घ्यायला हवी.

या कायद्याच्या सहाव्या कलमात ट्रस्ट उभा राहायला काय काय लागतं ते दिलं आहे. ट्रस्ट करण्याचा इरादा, त्याचा हेतू, लाभार्थी आणि मिळकत या चार गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात. आणि ती मिळकत विश्वस्तांच्या स्वाधीन करावी लागते. ट्रस्ट मृत्युपत्राने केला असेल किंवा करणाराच विश्वस्त असेल, तर ही शेवटची अट नसते. हयातीत स्थावर मिळकत ट्रस्टमध्ये घालायची तर नोंदणी झालेला दस्त लागतो आणि मुद्रांक शुल्काचाही विचार करावा लागतो. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साक्षीदार मात्र दोन हवेत. बाबांनी हयातीत ट्रस्ट करून त्यात काही ठेवी घातल्या. राहतं घर मृत्युपत्राने ट्रस्टला दिलं आणि त्यात आईचा हयातभर राहण्याचा हक्क राखला. नोंदणी सक्तीची नसूनही दुय्यम निबंधकांकडे जाऊन मृत्युपत्र नोंदवून घेतलं, शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखलाही जोडला.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट कळली आणि आई हादरली. मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडिलांचं कायदेशीर पालकत्व संपतं, मग ते मूल दादासारखं का असेना. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती ती नेमणूक करते. आईने तसा अर्ज केला आणि ती दादाची रीतसर पालक झाली. पालकाचं काम माणसाला सांभाळण्याचं आणि विश्वस्तांचं काम पैसा सांभाळण्याचं, हे दोन अधिकार वेगळे आहेत हे मला इथे समजलं.

बाबा गेल्यावर माझं खरं शिक्षण सुरू झालं. सोसायटीचे सेक्रेटरी काका आपुलकीने म्हणाले, “नॉमिनी तूच आहेस, फ्लॅट तुझ्या नावावर करून टाकू.” पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात नॉमिनीला तात्पुरता सभासद मानलं आहे. कायमचं हस्तांतर मृत्युपत्रावरून किंवा वारसाच्या कागदांवरून होतं. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत हाच प्रश्न ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या वारसांच्या खटल्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. नामनिर्देशनाने वारसाहक्क बदलत नाही, असा निकाल न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला. मी काकांना मृत्युपत्राची प्रत दिली आणि भागदाखल्यावर विश्वस्तांची नावं लागली.

बँकेत वेगळीच अडचण. खातं उघडायला धर्मादाय नोंदणीचा दाखला मागितला गेला. खासगी ट्रस्टला तो नसतोच, हे सांगता सांगता मीच ते पक्कं शिकले. शेवटी न्यासपत्र, ट्रस्टचं वेगळं पॅन कार्ड आणि तिघा विश्वस्तांचे कागद यांवर काम झालं. प्राप्तिकराचं तर मला काहीच ठाऊक नव्हतं. सीएंनी समजावलं की लाभार्थी कोण आणि त्याचा वाटा किती हे न्यासपत्रात निश्चित असेल, तर उत्पन्नावर साधारणपणे त्या लाभार्थ्याच्याच दराने कर बसतो. वाटे विश्वस्तांच्या मर्जीवर सोडले असतील, तर काही अपवाद वगळता कर सर्वांत चढ्या दराने लागतो. आमच्या न्यासपत्रात लाभार्थी एकटा दादा आणि उत्पन्न सगळं त्याचं, असं लिहिलेलं होतं. त्या एका वाक्यामुळे दरवर्षी किती पैसे वाचतात, हे पहिलं विवरणपत्र भरताना दिसलं.

आमचे तीन विश्वस्त म्हणजे मी, माझा मामेभाऊ आणि बाबांच्या मित्राचा मुलगा. न्यासपत्रात वेगळं लिहिलं नसेल तर सगळ्यांनी मिळून निर्णय घ्यावा लागतो, विश्वस्तपद दुसऱ्यावर ढकलता येत नाही, मोबदला घेता येत नाही. स्वतःच्या पैशाची काळजी साधारण शहाणा माणूस जितकी घेतो, तितकी या पैशाची घ्यायची, हे कलम मी वारंवार वाचते. माझ्या मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी नातेवाइकांतून सूचना आली की ठेवीतले पैसे तात्पुरते वापरा, दिवाळीनंतर परत टाका. विश्वस्ताने ट्रस्टचा पैसा स्वतःसाठी वापरायचा नाही, व्याज देऊनही नाही. आम्ही शैक्षणिक कर्ज काढलं.

बाहेरच्या मागणीला नाही म्हणणं सोपं होतं. मला जास्त गोंधळात टाकलं घरखर्चाने. एकाच घरात आई आणि दादा राहतात. मग विजेचं बिल, दूध, भाजी यांतलं ट्रस्टचं किती? प्रत्येक जुडीचा हिशेब लिहायला बसलं तर जगणंच बाजूला पडेल. आम्ही ठराव करून दादाच्या राहण्याजेवणाची दरमहा एक रक्कम ठरवली आणि औषधं, डॉक्टर, सोबतीचा मदतनीस हे खर्च पावतीनिशी वेगळे ठेवले. ठरावांची वही आहे, तिच्यावर तिघांच्या सह्या असतात.

खर्चाचाच आणखी एक धडा मला मामेभावाने दिला. आईने एका वहीत दादाचा सगळा दिनक्रम लिहून ठेवला आहे. फिट येण्याआधी तो कसा गप्प होतो, कोणत्या गोळीने त्याला गरगरतं, कुणी रागावलं तर दोन दिवस जेवत नाही, गणपतीत ढोल-ताशांचा आवाज त्याला सोसत नाही म्हणून त्या दिवसांत त्याला पुण्याबाहेर न्यावं. या वहीला कायद्याचं बंधन नाही, पण आमच्यासाठी ती न्यासपत्राइतकीच महत्त्वाची आहे. बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या भाद्रपदात मी म्हणाले, यंदा कोकणात नको, गाडी आणि मदतनीस धरून खर्च फार होतो, पैसे शिल्लक राहू देत. मामेभाऊ म्हणाला, “ताई, शिल्लक कुणासाठी?” न्यासपत्रात हेतू लिहिताना वकीलबाईंनी बाबांना विचारलं होतं, फक्त औषधपाणी आणि जेवणच का? म्हणून त्यात ‘त्याच्या आनंदासाठी’ हेही लिहिलेलं आहे. दादा कोकणात गेला.

त्याच प्रश्नातून मला बाबांची आणखी एक तरतूद उलगडली. दादाच्या पश्चात उरेल ते माझ्या मुलांना न देता त्यांनी पालकांनीच उभ्या केलेल्या एका निवासी संस्थेला ठेवलं आहे. उरलेलं माझ्या घरी येणार असतं, तर दादावरचा प्रत्येक खर्च करताना माझ्या मनात दोन हिशेब चालले असते. बाबांनी तो मोह वाटेतून आधीच दूर केला. मावशीलाही दादाला काही द्यायचं होतं. तिला आम्ही सांगितलं की त्याच्या नावावर थेट नको, मृत्युपत्रात ट्रस्टला दे.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर आईवडील धडधाकट असतानाच हे करून घ्या. विश्वस्तांत निदान एक जण लाभार्थ्यापेक्षा तरुण असू द्या आणि पुढचा विश्वस्त कसा नेमायचा ते लिहून ठेवा. गुंतवणूक कशात करता येईल हेही लिहा, नाहीतर सरकारने ठरवून दिलेल्या रोख्यांपुरतीच मुभा राहते. आणि राजीनाम्याचं कलम विसरू नका. एकदा स्वीकारलेलं विश्वस्तपद लाभार्थ्याच्या संमतीने, न्यायालयाच्या परवानगीने किंवा न्यासपत्रातल्या तरतुदीनेच सोडता येतं. दादासारख्याला संमती देता येत नाही, म्हणून ते कलम हवंच.

सर्वांत आधी भावंडांना समोर बसवून विचारा. विश्वस्त व्हायची सक्ती कायदा कुणावरही करत नाही, आणि बाबांनीही माझ्यावर केली नाही. कामं काय, बंधनं काय, किती वर्षं चालणार, हे सगळं त्यांनी आधी माझ्यापुढे ठेवलं आणि नाही म्हणायची मोकळीक दिली. म्हणून माझ्या होकाराला वजन आलं, आणि हे काम लादलेलं आहे असं मला एकदाही वाटलेलं नाही. आता मामेभावाची मुलगी आमच्या बैठकांना येऊन बसते. तिलाही आम्ही तसंच सगळं सांगणार आहोत आणि मगच विचारणार आहोत.