एक सूत खाली

घमेल्यात जे पडलं त्याला कुलंट म्हणायला जीभ रेटेना. बिनदुधाचा चहा उकळत ठेवून विसरला की जो रंग येतो, तो. तळाशी गंजाचा बारीक गाळ. वर तेलाचा तवंग नव्हता, एवढंच समाधान. तवंग दिसला तर हेड गॅस्केट गेलं असं समजायचं, झाकण लावायचं आणि गाडी सरळ गॅरेजला न्यायची, असं अण्णांनी आधीच बजावून ठेवलं होतं. अण्णा म्हणजे माझे सासरे. तीस वर्षं साखर कारखान्याच्या बॉयलरवर पाळ्या केलेला माणूस. घमेल्याशी उकिडवे बसले, दोन बोटं बुडवून अंगठ्यावर चोळली आणि म्हणाले, "यात कुलंट नावाला आहे. हे आपल्या बोअरचं पाणी."

मी राहुरीला नोकरी करते. रोजचं जाणं-येणं नगर-मनमाड रस्त्याने, म्हणजे रांगांबद्दल वेगळं सांगायला नको. गाडी जुनी, पेट्रोलची, दुसऱ्याकडून घेतलेली. मे महिन्यातल्या एका दुपारी कोल्हार खुर्द मागे टाकलं आणि प्रवरेच्या पुलाअलीकडे रांगेत अडकले. पुढे मालट्रक, मागे शिर्डीला निघालेल्या गाड्या, वर ऊन. एसी चालू. एकाएकी लक्ष गेलं तर गरमीचा काटा नेहमीच्या मधल्या जागेवरून उठून लाल रेघेकडे निघालेला. अण्णांचं एक वाक्य आठवलं, म्हणून एसी बंद केला आणि त्या उन्हात हीटर पूर्ण सोडला. हीटर म्हणजे तसा छोटा रेडिएटरच. इंजिनाची उष्णता तो आत आपल्या अंगावर ओततो. मी घामाने निथळत होते, पण काटा थबकला. पूल ओलांडला, कडेला जागा मिळाली तिथे गाडी थांबवली.

चहाच्या टपरीवरचा मुलगा मदतीला धावत आला, हातात पाण्याचा जग. बॉनेट उघडून तो रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात मी जवळजवळ ओरडलेच. ते झाकण साधं नसतं. आत साधारण एक बार जादा दाब धरून ठेवतं, त्यामुळे शंभर अंशांच्या वर गेलेलं पाणीही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. मुलाला वाटलं असणार, बाई खेकसतात उगीच. अर्धा तास थांबलो, त्याने मला चहा पाजला, मग हात लावून पाहत, फडकं धरून झाकण काढलं. पाणी पार खाली गेलेलं. जारचं पाणी भरलं आणि घर गाठलं.

गॅरेजवाला म्हणाला, दोन दिवस गाडी ठेवा. अण्णा म्हणाले, "कशाला? रविवारी आपण करू." नवरा म्हणाला, "तुम्ही दोघं करा," आणि पेपरात डोकं घातलं.

करायचं काय ते सांगायला सोपं आहे: जुनं काढायचं, धुवायचं, नवं भरायचं. पण आधी एक प्रश्न, पाणी गेलं कुठे? कुलंट बंद चक्रात फिरतं. ते पेट्रोलसारखं संपत नाही. कमी होतंय याचा अर्थ कुठेतरी गळतंय. हे न शोधता नवं भरणं म्हणजे भोकाच्या हंड्यात पाणी ओतणं. अण्णांनी बॅटरी घेऊन एकेक जोड पाहिला. रेडिएटरच्या खालच्या पाइपाच्या क्लिपेजवळ पांढरट-हिरवी खपली धरली होती. गळती थेंबाथेंबाची, गरम इंजिनावर थेंब वाळून जातो, जमिनीवर डाग पडत नाही. महिनोन् महिने हे चाललं असणार आणि आम्ही दर पंधरवड्याला कुलंटच्या बाटलीत मगभर पाणी टाकून मोकळे. आमच्या आधीच्या मालकानेही तेच केलं असेल.

आमच्या बोअरचं पाणी! चहाच्या पातेल्याला पांढरा थर, नळाच्या तोटीला पांढरी फुलं, गिझरचं कॉइल तर खडूने लिंपल्यासारखं. 1926 साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, प्रवरेचे पाट बारमाही वाहू लागले आणि या पट्ट्यात ऊस आला. उसाने घरं उभी केली, पण वर्षानुवर्षं पाजलेल्या पाण्याने क्षार चढून कित्येक शेतं चोपणही झाली. अण्णांच्या मते गाडीच्या इंजिनाचंही आम्ही चोपण रान केलं होतं. पाण्यातला क्षार गरम धातूवर बसतो, त्याचा पापुद्रा उष्णता अडवतो, मग इंजिन आणखी तापतं आणि आणखी क्षार बसतो.

"बॉयलरला कधी नळाचं पाणी पाजतात का?" हे अण्णांचं पालुपद दिवसभर चालू होतं. कारखान्यात रस आटवताना जी वाफ थंड होऊन पाणी होतं, तेच परत बॉयलरला देतात, कारण त्यात क्षार नसतो. भीती एकच, त्यात रसाचा अंश उतरायची. साखर बॉयलरमध्ये गेली की आम्ल होतं आणि नळ्या खाऊन टाकतं. म्हणून पाळीत ठरावीक वेळाने नमुना घ्यायचा, अल्फा-नॅफ्थॉल टाकायचं, हळूच आम्ल सोडायचं. जांभळं कडं उमटलं की पळापळ. हे सांगताना अण्णा अजून उभे राहतात. साखर कारखान्यात सगळ्यात जास्त भीती गोड पाण्याची, ही गंमत मला त्या दिवशी कळली.

बाजारपेठेत बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणले. दुकानदाराने विचारलं, किती बॅटऱ्या आहेत? कुलंट घेतलं ते न मिसळलेलं, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचं. हिरवं घ्यावं की लाल, असं लोक विचारतात. रंग हा नुसता रंग असतो, कंपनी बदलली की तोही बदलतो. आतली गंजरोधक रसायनं महत्त्वाची. भलत्या जाती एकत्र झाल्या तर गंजरोधक निकामी होतात, कधी चिकट गाळही धरतो.

आणि "आपल्याकडे काय बर्फ पडतो?" हेही ऐकून झालं. कुलंटमधलं ग्लायकॉल निम्मं, पाणी निम्मं असं मिश्रण उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही, हे खरं. ते लेह-लडाखवाल्यांना लखलाभ. आमचं कोल्हार समुद्रसपाटीपासून पाचेकशे मीटर उंच. इथे उघड्या भांड्यातलं पाणी शंभराच्या दीडेक अंश आधीच उकळतं. ग्लायकॉल आणि झाकणाचा दाब मिळून तीच मर्यादा सव्वाशेच्या पुढे नेतात. मे महिन्यातल्या पुलावरच्या रांगेत कामाला येतं ते हे.

इंजिन रात्रभर थंड झालेलं. हीटरचं बटण गरमवर, झाकण उघडं, रेडिएटरच्या तळाचा प्लास्टिकचा बोल्ट हातानेच ढिला केला. जोर केला असता तर तुटला असता. जुनं प्लास्टिक सासूसारखं, हळूच घ्यावं लागतं, असं अण्णा म्हणाले आणि स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज आला. घमेल्यात तीन लिटरच्या आसपास निघालं. बाकीचं इंजिनाच्या ब्लॉकमध्ये दडून राहतं.

सगळा दिवस खाल्ला तो धुण्याने. थंड इंजिनात थर्मोस्टॅटची झडप बंद असते, त्यामुळे वरून पाणी ओतून खालून काढलं तर नुसता रेडिएटर धुतला जातो. म्हणून शुद्ध पाणी भरायचं, झाकण लावायचं, गाडी चालू करायची, वरचा पाइप हाताला चांगला गरम लागला की झडप उघडली असं समजायचं, थोडं फिरू द्यायचं, बंद करायची. मग पुन्हा थंड होईपर्यंत वाट आणि मगच पाणी खालून काढायचं. एका फेरीला दोन-अडीच तास. पहिल्या फेरीला चहा, दुसऱ्या फेरीला उसाचा पातळ रस, तिसऱ्या फेरीला जवळजवळ पाणी. मधल्या वेळात खालच्या पाइपाची क्लिप बदलली, जेवणं झाली, अण्णांची झोप झाली.

भरताना मी चुकणार होते. निम्मं-निम्मं मिसळून बादली तयार करायला घेतली, तर अण्णांनी हात धरला. "आत लिटरभर पाणी आधीच आहे ना? त्याचा हिशेब कोण धरणार?" पुस्तिकेप्रमाणे एकूण मावतं चार लिटर. म्हणजे आधी दोन लिटर नुसतं कुलंट ओतायचं, मग वरून मावेल तेवढं शुद्ध पाणी. नरसाळ्याने हळूहळू ओतलं. वरचा पाइप दाबत राहिले. दर दाबाला बुडबुडे वर यायचे आणि पातळी खाली जायची. आत हवा अडकली तर ती नेमकी गरम जागीच बसते. शेवटी इंजिन चालू ठेवून बसलो, दोघंही गप्प. काटा मध्यावर आला आणि थांबला. मग पंखा घरघरला, थोड्या वेळाने आपोआप थांबला. अण्णांनी मान डोलावली.

उरलं घमेलं. गटारात ओतावं तर गटार ओढ्याला, ओढा प्रवरेला. शिवाय ग्लायकॉल गोड असतं. कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. आमच्या दारात दोन कुत्री पडलेली असतात आणि शेजारचं लेकरू रांगतं. सांडलेले थेंबसुद्धा वाळू टाकून पुसून घेतले. सगळं रिकाम्या कॅनमध्ये भरलं, बूच घट्ट लावलं. अण्णांनी तेलाच्या रंगाने त्यावर लिहिलं: "गोड आहे. विष आहे." हे नेऊन द्यायचं कुठे, ते मी तीन गॅरेजांत विचारलं, तिघेही हसले. कॅन अजून जिन्याखाली कुलपात आहेत.

अण्णांनी मात्र जुन्या डायरीला नवं काम लावलं आहे. रोज सकाळी मी निघायच्या आधी, गाडी थंड असताना, बाटलीवरची खूण बघतात आणि बॉयलरवरच्या पाळीची नोंद करावी तशी नोंद करतात. वेळ, पातळी, गळती. तिसऱ्या दिवशीची नोंद मी चोरून वाचली: "6.40. एक सूत खाली. गळती नाही. हवा निघाली असावी. सूनबाईस सांगितले नाही, उगीच घाबरेल."