आबांची पॅन्ट

या मे महिन्यात पंधरा दिवस वाटूरला येऊन राहिलोय. काम लॅपटॉपवरचंच, त्यामुळे पुण्यात बसलो काय आणि इथे बसलो काय, सारखंच. फरक एवढाच की इथे दुपारी पारा ४२ च्या आसपास जातो आणि लाइट नेमकी तेव्हाच जाते. पहिले दोन दिवस मी जीन्स घालून खाटेवर बसलो. तिसऱ्या दिवशी मांड्यांना असं काही घामोळं उठलं की चालताना पाय फाकवून चालायची वेळ आली. आजीने ते पाहिलं, आणि काही न बोलता आबांची एक जुनी लुंगी अंगावर आणून टाकली. तेव्हापासून वर टी-शर्ट, खाली लुंगी. मीटिंगमध्ये कॅमेरा छातीपर्यंतच दिसतो, त्यामुळे कंपनीचं काही बिघडलेलं नाही. :-)

तर आठवडाभराच्या अनुभवावरून सांगतो. पहिला फायदा म्हणजे हवा. पॅन्टमध्ये दोन्ही पाय आपापल्या नळीत कोंडलेले असतात, लुंगीत खालून वारा खेळतो. घामोळं चार दिवसांत गेलं, पावडर न लावता! दुसरा फायदा बसण्याचा. पॅन्ट घालून मांडी घातली की गुडघ्यावर कापड ताणतं आणि पट्टा पोटात रुततो. लुंगीत मांडी घाला, उकिडवे बसा, काही अडत नाही. तिसरं म्हणजे माप नाही. पोट सुटलं तरी लुंगी तीच. आणि धुतली की तासाभरात खडखडीत वाळते. रात्री डास चावायला लागले की तीच पायांवर ओढून घ्यायची.

तोटे नाहीत असं नाही. परवा मोटरसायकलवर वाटूर फाट्याला निघालो, तर वाऱ्याने अशी काही परिस्थिती ओढवली की अर्ध्या रस्त्यातून परत येऊन पॅन्ट घातली. खिसा नाही, मग मोबाईल ठेवायचा कुठे? आबांचं म्हणणं, त्यासाठी बंडी असते. आणि गाठ सुटण्याची भीती वाटत असेल तर कमरेला करदोडा हवा. म्हणजे ही सगळी एक सिस्टिमच आहे, मी तिचा एकच भाग उचलला होता.

मोटरसायकलवर पॅन्टच बरी, यालाही कारण आहे. आजवर सापडलेल्या सगळ्यात जुन्या पॅन्टींपैकी काही चीनमधल्या तुर्फानजवळच्या थडग्यांत मिळाल्या. सुमारे ३००० वर्षांपूर्वीच्या, आणि घोड्यावर बसणाऱ्या माणसांच्या. म्हणजे पॅन्ट हा मुळात घोडेस्वाराचा पोशाख. जमिनीवर बसून जेवणाऱ्या, चिखलात उतरणाऱ्या माणसासाठी तो कुणी शिवलेला नव्हता.

आणि लुंगी-धोतर म्हणजे काहीतरी गावंढळ, असं ज्यांना वाटतं त्यांनी स्कॉटलंडचा किल्ट बघावा. आता तो शिवलेला, चुण्यांचा असतो. पण जुना किल्ट म्हणजे एक लांबलचक न शिवलेलं लोकरी कापड. कमरेशी निऱ्या करून वरून पट्टा आवळायचा, उरलेलं खांद्यावर टाकायचं, आणि रात्री तेच पांघरून झोपायचं. आपलं धोतर-उपरणं दुसरं काय आहे? बंड करणाऱ्या हायलँडर लोकांचा कणा मोडायचा म्हणून इंग्रज सरकारने १७४६ साली कायदा करून या पोशाखावर बंदी घातली. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. सूट फक्त सरकारी फौजेतल्या शिपायांना. १७८२ साली बंदी उठली, आणि २३ सप्टेंबर १८०३ ला त्याच हायलँडर लोकांच्या ७४ आणि ७८ क्रमांकाच्या पलटणी आमच्या जालना जिल्ह्यातल्या असईला, वेलस्लीच्या हाताखाली शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढल्या. शाळेत असईची लढाई पाठ केली होती, पण हे काही कुणी सांगितलं नव्हतं.

फार लांब कशाला जायचं? २०१४ साली चेन्नईतल्या एका क्लबने हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींना धोतर नेसून आले म्हणून आत सोडलं नाही. त्याच वर्षी तमिळनाडू सरकारने कायदा केला, की धोतरावरून कुणाला अडवलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड.

हे वाचून मी त्या क्लबला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. मग आठवलं, मी काय वेगळं केलं होतं?

डिसेंबरमध्ये माझा साखरपुडा झाला, संभाजीनगरला एका हॉटेलच्या हॉलमध्ये. मुलीकडचे सगळे नोकरदार. मीच आबांना म्हणालो, "आबा, त्या दिवशी पॅन्ट घाला की. फोटो चांगले येतात." आबांचं वय ७८. जन्मात दुटांगी धोतर सोडून दुसरं काही घालून घराबाहेर पडलेले नाहीत. "बरं," एवढंच म्हणाले. जालन्याहून रेडीमेड पॅन्ट मीच आणली. पट्टासुद्धा.

पहिल्या दोन फोटोंत आबा आहेत. नंतर कुठेच नाहीत. म्हातारं माणूस, दमले असतील, असं मी तेव्हा धरून चाललो. परवा लुंगी ठेवायला पेटी उघडली तर तळाशी ती पॅन्ट दिसली. म्हटलं, "आजी, ही परत घातलीच नाही का?" तेव्हा आजीने सांगितलं. जेवणाआधी आबा लघवीला गेले होते. पट्टा, हूक, चेन... बोटं आखडलेली, सवय नाही, आणि या वयात कळ धरवत नाही. सुटलं तेव्हा उशीर झाला होता. कुणाला काही न सांगता ते मागच्या दाराने निघाले आणि गाडीत जाऊन बसले. चार तास. जेवलेही नाहीत. मी आत फोटो काढत होतो.

धोतरात जे काम दोन क्षणांचं, त्याला मी तीन कुलपं लावली होती.

संध्याकाळी आबांजवळ जाऊन बसलो. माफी वगैरे मागायची आमच्या घरात पद्धत नाही. म्हटलं, "आबा, लग्नात धोतरच नेसा. मीपण नेसणार आहे." त्यांनी माझ्या लुंगीच्या गाठीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आरं, आदी ही गाठ तर नीट मार. अशी मारतेत का?"

लग्न दिवाळीनंतर आहे. सध्या रोज संध्याकाळी अंगणात शिकवणी चालू आहे. निऱ्या बऱ्या जमतात. कासोटा मात्र काल तिसऱ्यांदा सुटला, तेव्हा आबा म्हणाले, "इंजिनेर, तुला पॅन्टच बरी." आणि खोकला येईपर्यंत हसले.