कळफलकाची खरेदी

बारा हजार रुपये मोजून आणलेले खोके उघडले, तेव्हा सौ.नी एवढेच विचारले, "ह्यात संगणकही येतो ना?" संगणक येत नाही, केवळ कळा येतात, असे आम्ही शक्य तितक्या नम्रपणे सांगितले. त्यानंतर घरात जी शांतता पसरली, तिचे वर्णन करण्याचे सामर्थ्य आमच्या लेखणीत नाही. तथापि ही उधळपट्टी आमच्या हातून का घडली, ते वाचकांपुढे मांडणे अगत्याचे वाटते.

१९८७ च्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही इंदुरातील एका टंकलेखनवर्गात रेमिंग्टन यंत्रावर हात बसविला. त्या यंत्रात अक्षराची दांडी बोटाच्याच जोराने उचलली जाऊन शाईच्या फितीवर आदळत असे. साहजिकच कळ तळापर्यंत हाणावयाची, ही सवय बोटांत मुरली. पुढे शाळेत संगणक आला. त्याच्या स्वस्त कळफलकात कळांच्या खाली रबराच्या वाट्या असतात, आणि वाटी पुरती चेपून तळाला टेकल्याखेरीज अक्षर उमटत नाही. म्हणजे यंत्र बदलले तरी हाणामारी चालूच राहिली.

दिवसा शाळेची हिंदी टिपणे आणि रात्री मराठी, असा आमचा क्रम होता. मराठी लेखन आईचे. तिचे वय त्र्याऐंशी. गेल्या दिवाळीपासून ती आपल्या आठवणी सांगते आणि आम्ही समोर बसून उतरवून घेतो. देवासचे माहेर, तिथला वाडा, माळव्यात मुरून गेलेली तिची मराठी, हे सारे तिच्यानंतर कुणाला विचारणार? दोन महिन्यांत आमच्या डाव्या हाताची करंगळी ठणकू लागली. डॉक्टरांनी मनगट वर वाकवून न लिहिण्याची ताकीद दिली आणि विश्रांती सुचविली. आमच्या करंगळीला विश्रांती देता आली असती. आईच्या वयाला थांबविणे कुणाच्या हाती होते?

पुण्याचा भाचा संगणकाच्या व्यवसायात आहे. त्याने यांत्रिक कळफलकाचे नाव काढले. ह्यात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो. आत एक स्प्रिंग आणि धातूच्या पात्या. कळ सुमारे ४ मिलिमीटर खाली जाते, परंतु अक्षर २ मिलिमीटरवरच उमटते. तळ गाठण्याची गरजच नाही. चेरी ह्या जर्मन कंपनीने स्विचांना रंग दिले आणि पुढे इतरांनीही बव्हंशी तेच उचलले. तांबडा सरळ खाली जातो, त्याला सुमारे ४५ ग्रॅमचा दाब पुरतो. तपकिरी वाटेत बोटाला हलकीशी ठेच देतो, त्याला ५५. निळा ठेचही देतो आणि वाजतोही. सरकारी कचेऱ्यांतून खटखटणारा टीव्हीएस गोल्ड ह्या निळ्या जातीचा.

भाच्याने नऊ स्विचांची एक चिमुकली पट्टी आमच्या हाती दिली. आम्ही क्षणात निळ्यावर बोट ठेवले. तो १९८७ चा नाद कानांत भरला होता! त्याने आपला निळा कळफलक पंधरा दिवसांसाठी ठेवून दिला, हे बरे झाले. पहिल्याच रात्री आम्ही लिहू लागलो आणि आई थांबली. "तुझं होऊ दे आधी, मग सांगते," म्हणाली. आम्ही हात उचलला. ती क्षणभर भिंतीकडे पाहत राहिली. "काय बरं सांगत होते मी?" त्या रात्री ती आठवण पुन्हा आली नाही. अजूनही आलेली नाही. दुसऱ्या दिवशी निळा कळफलक आम्ही खोक्यात घातला.

मग तांबडा पाहिला. तो इतका हलका, की विचार करीत नुसती बोटे टेकली तरी 'ककक' अशी रांग उमटे. तपकिरी मानवला. पण एकेक कळ दाबून स्विच कळत नाही. पानभर मजकूर लिहावा लागतो, तोही आपल्या भाषेतला. इनस्क्रिप्ट मांडणीत ख, घ, छ, झ, थ, ध, भ ही सारी महाप्राण अक्षरे शिफ्टवर आहेत आणि त्यांच्या कळा उजव्या हाताकडे. म्हणजे शिफ्ट धरावयाची ती डाव्या करंगळीने! आमच्या दुखण्याचे मूळ असे वर्णमालेत सापडले. इंग्रजी लिहिणाऱ्याला हा जाच नाही.

म्हणून ज्यातले स्विच डाग न देता चिमट्याने उपसून बदलता येतात असा कळफलक आम्ही घेतला. सर्वत्र तपकिरी, आणि दोन्ही शिफ्टखाली मात्र तांबडे. उंची मालाची खरी पारख लांब कळांवर होते, हेही सांगून ठेवतो. स्पेस व शिफ्ट कडेला दाबून पाहाव्यात. खालची तार खडखडली तर दुकानदाराला नमस्कार करून उठावे. कळा पीबीटी प्लास्टिकच्या असाव्यात, एबीएसच्या लवकर तुळतुळीत होतात. गुणपत्रकांसाठी आम्हांस अंकांचा वेगळा संच हवाच होता, त्यामुळे जपानचा नामांकित हॅपी हॅकिंग बाद झाला. त्याची दुपटीहून अधिक किंमत आम्ही सौ.ना सांगितली, पण त्याने आमची बाजू काही बळकट झाली नाही. कळांवर देवनागरी छापलेली नाही. हात बसलेल्याला ती लागतही नाही.

कळफलक उंच असल्याने मनगटासाठी सुताराकडून सागवानी फळी घासून घेतली आणि मागचे पाय मिटून टाकले. महिन्याभरात करंगळीचा ठणका पुष्कळ उतरला.

काल रात्री एक्कावन्नावे पान चालू होते. आई वाड्यातल्या विहिरीविषयी सांगत होती. मध्येच थांबून तिने आमच्या हातांकडे निरखून पाहिले.

"वाजत कसं नाही रे ते? लिहितोयस ना?"

"लिहितोय, आई."

"हं. मग पायऱ्यांचं लिही. उतरताना सतरा लागायच्या, आणि वर येताना अठरा."