गाडीची बॅटरी गेली म्हणजे नक्की काय गेलं?

मंडळी, गणपती झाले की नवी मुंबईतल्या सोसायट्यांत एक हंगाम सुरू होतो, बॅटरी बदलण्याचा. नेरूळ, कोपरखैरणे, खारघर, सगळीकडे सारखंच. आठ-दहा दिवस गावी गेलेली माणसं कोकण रेल्वेने परत येतात, खाली उभी असलेली गाडी सुरू करायला जातात आणि नुसता टक्-टक् आवाज. वॉचमन कुणाचा तरी नंबर देतो, तो येतो, बोनेट उघडतो आणि दोन मिनिटांत निकाल: "साहेब, बॅटरी गेली." झाले चार-पाच हजार खर्च.

खरंच गेलेली असते का? पुष्कळदा नाही. ती फक्त उतरलेली असते. आणि हा फरक घरच्या घरी कळतो, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधी आपल्याच शहरात हे जास्त का होतं ते बघा. सोमवार ते शुक्रवार आपण हार्बर नाहीतर ट्रान्स-हार्बरने जातो. गाडी रविवारी वाशीपर्यंत, तीही पंधरा मिनिटं. इंजिन सुरू करताना बॅटरीतून शंभराहून जास्त अँपिअर खेचले जातात. ते भरून निघायला गाडी काही वेळ सलग चालावी लागते. पार्किंगमध्ये दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवून धूर काढणं म्हणजे भरपाई नव्हे.

दुसरं, बंद गाडीही वीज खाते. घड्याळ, लॉक, अलार्म. 50 मिलिअँपिअरपर्यंत हे चालायचंच. पण हिशोब करा: दिवसाला 1.2 अँपिअर-अवर. लहान गाडीची बॅटरी 35 अँपिअर-अवरची. दहा दिवसांत एक तृतीयांश साफ. त्यात बाहेरून बसवलेला डॅशकॅम किंवा ट्रॅकर 250 मिलिअँपिअर घेत असेल, तर चार-पाच दिवसांतच गाडी आडवी. यात बॅटरीचा काय दोष?

आता तपासणी. चारशे-पाचशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर आणा, डीसी 20 व्होल्टवर ठेवा.

1) गाडी रात्रभर बंद असताना सकाळी मोजा. 12.6 म्हणजे पूर्ण भरलेली. 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी, 12 म्हणजे जेमतेम. हा आकडा बॅटरी किती भरली आहे ते सांगतो, चांगली आहे की वाईट ते नाही.

2) मोजण्याआधी टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी बुरशी चढली आहे? हाताने हलतंय? आपल्या दमट, खाडीच्या हवेत हे फार होतं. चष्मा आणि हातमोजे घाला. काळं (निगेटिव्ह) आधी काढा, लावताना ते शेवटी लावा. खायचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासा, पुसा, घट्ट बसवा, वर थोडी पेट्रोलियम जेली. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांना बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही बदलायला सांगितले होते. सैल टर्मिनल आवळल्यावर गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

3) दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा आणि आकडा बघा. भरलेली बॅटरी स्टार्ट करताना 9.6 च्या खाली कोसळत असेल, तर ती खरंच म्हातारी झाली. चार-पाच वर्षं झाली असतील तर वाईट वाटून घेऊ नका. आपल्या उकाड्यात बॅटरीचं आयुष्य कमीच होतं.

4) इंजिन सुरू झाल्यावर मोजा. साधारण 13.8 ते 14.5 हवेत. दिवे आणि एसी लावूनही 12.6 च्याच आसपास रेंगाळत असेल, तर चार्जिंग होत नाही: बेल्ट, वायर किंवा अल्टरनेटर. 15 च्या वर जात असेल तर रेग्युलेटर. (काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम व्होल्टेज वरखाली करतो, तेव्हा एका आकड्यावर फासावर चढवू नका.)

एक विनंती. "इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून बघू, बंद पडली तर अल्टरनेटर खराब," असं कुणी म्हणालं तर हात धरा. जुन्या गाड्यांत हे खपून जायचं. आजच्या गाडीत त्या झटक्याने उसळलेलं व्होल्टेज कॉम्प्युटर जाळू शकतं. पाचशेचं काम पन्नास हजारांत जातं.

जंप स्टार्टचा क्रमही लक्षात ठेवा. लाल वायर आधी बंद गाडीच्या पॉझिटिव्हला, मग चालू गाडीच्या पॉझिटिव्हला. काळी चालू गाडीच्या निगेटिव्हला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी तिथे नको. सिगारेट तर नकोच नको. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीच्या नारिंगी केबलला घरी हात लावायचा नाही.

उतरलेल्या बॅटरीवर खरा उपाय म्हणजे चार्जर लावून रात्रभर सावकाश चार्जिंग. आणि इथेच गाडी सोसायटीच्या कमिटीकडे अडते. "पार्किंगमध्ये प्लग मिळणार नाही, कॉमन मीटरचं बिल कोण भरणार?" अहो, लहान गाडीची रिकामी बॅटरी भरायला एक युनिटसुद्धा धड जळत नाही! त्या युनिटपायी माणसं चार-पाच हजारांची नवी बॅटरी घेतात. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की आतल्या प्लेटवर सल्फेटचा थर घट्ट होतो आणि मग ती खरोखरच मरते. म्हणजे नियम आपणच करायचा आणि बॅटरीही आपणच मारायची.

पण माझा खरा मुद्दा पुढे आहे. काढलेली जुनी बॅटरी जाते कुठे?

त्या डब्याच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं, उरलेल्यात सल्फ्युरिक ॲसिड. दुकानदार जुनी घेऊन बिलात सूट देतो. भंगारवाला शे-दोनशे जास्त देतो, म्हणून आपण त्याला देतो. त्याला परवडतं कसं? पुढे कुठेतरी ती कुऱ्हाडीने फोडतात, ॲसिड गटारात ओततात आणि शिसं उघड्या भट्टीत वितळवतात. धूर आणि धूळ तिथल्या पोरांच्या अंगात. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या 2020 च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे. त्यातली साधारण साडेसत्तावीस कोटी भारतात. त्यामागच्या मोठ्या कारणांत अशा बॅटऱ्यांची बेकायदा तोडफोड आहे. शिसं मेंदूवर जातं आणि गेलेलं भरून येत नाही.

कायदा नाही असं नाही. 2001 पासून नियम होते. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकल करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. ग्राहकावरही टाकली: बॅटरी इतर कचऱ्यात मिसळायची नाही, अधिकृत साखळीतच द्यायची. बॅटरीवर काट मारलेल्या कचरापेटीचं चित्र असतं ना, ते त्यासाठीच. त्याच 2022 साली आपली ठाणे खाडी रामसर यादीत गेली. फ्लेमिंगोचे फोटो आपण सगळेच टाकतो. गटारातलं ॲसिडही शेवटी खाडीलाच मिळतं, एवढं ध्यानात असू द्या.

म्हणून तीन मागण्या. सोसायट्यांनी ऑफिसात एक मल्टिमीटर, एक चार्जर, एक जंपर केबल ठेवावी आणि पार्किंगमध्ये नोंदवही ठेवून एक प्लग द्यावा. बॅटरी बदलताना प्रत्येकाने जुनी दुकानातच द्यावी आणि बिलावर तसं लिहून घ्यावं. नवी मुंबई आणि पनवेल, दोन्ही महापालिकांनी नोडनिहाय जुन्या बॅटऱ्यांचं संकलन ठेवावं, इनव्हर्टरच्याही. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय अजेंड्यावर घ्यायला सेक्रेटरींना आजच पत्र द्या.

तुमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये प्लग मिळतो का? नोडचं नाव लिहून कमेंटमध्ये सांगा. सगळ्यांची यादी करून वॉर्ड ऑफिसला देऊ.