मोडींतून परतलेलें इंजिन

वेल्समधील कार्डिफ शहराहून आगगाडीनें निघालें म्हणजे सुमारें अर्ध्या तासांत बॅरी बंदर लागतें. 1913 सालीं येथून एक कोटी दहा लक्ष टनांहून अधिक दगडी कोळसा जहाजांनीं बाहेर गेला. आज गोदीच्या कांठीं नवीं घरें उभीं आहेत आणि पलीकडे वाळूच्या किनाऱ्यावर मुलें खेळतात. आम्ही तेथें गेलों तें मात्र निराळ्याच हेतूनें. ब्रिटिश रेल्वेनें वाफेचीं इंजिनें काढून टाकलीं, तेव्हां त्यांपैकीं 297 येथील वुडहॅम बंधूंच्या आवारांत मोडीसाठीं आलीं होतीं. मालकांनीं जुने मालडबे फोडण्याचें सोपें काम आधीं हातीं घेतलें, आणि इंजिनें खाऱ्या वाऱ्यांत वर्षानुवर्षें उभीं राहिलीं. या विलंबामुळेंच त्यांतील 213 वांचलीं. त्यांपैकीं एकाचा वृत्तांत वाचकांस सांगण्यासारखा आहे.

‘ड्यूक ऑफ ग्लॉस्टर’ हें त्याचें नांव. 8 ऑक्टोबर 1952 रोजीं लंडनजवळ हॅरो येथें झालेल्या भीषण अपघातांत 112 माणसें दगावलीं व एक मोठें इंजिनहि निकामी झालें. त्याची जागा भरण्यासाठीं रॉबर्ट रिडल्स यांच्या योजनेप्रमाणें 1954 सालीं क्रू येथील कारखान्यांत हें तयार झालें. त्याच्या जातीचें तें एकुलतें एक. मोटारीच्या इंजिनांत असतात तशा, फिरत्या दांड्यानें उघडमीट होणाऱ्या झडपा त्याच्या सिलिंडरांस होत्या. वाफेचा उपयोग तें उत्तम करी. पण मुळांत वाफच पुरेशी होईना! कोळसा मात्र भरमसाट खाई. चालक व फायरमन त्याला कंटाळले आणि अवघ्या आठ वर्षांत, 1962 सालीं, तें कामावरून निघालें. झडपांची रचना पाहण्यासारखी, म्हणून एक सिलिंडर लंडनच्या सायन्स म्यूझियममध्यें गेला. उरलेला सांगाडा 1967 सालीं बॅरीस येऊन पडला.

पुढील कथा समजण्यास लेस्टरशायरमधील लफबरो गांठलें पाहिजे. 1969 सालीं बंद पडलेल्या ग्रेट सेंट्रल रेल्वेचा सुमारें आठ मैलांचा तुकडा येथें हौशी लोकांनीं पुन्हा चालता केला आहे. तिकिटें देणें, सांधे बदलणें, भट्टी पेटविणें हीं कामें बव्हंशीं स्वयंसेवकच करतात. पांढऱ्या केसांचे गृहस्थ कॉलेजांतील मुलांस तेलकट चिंध्यांनीं चाकें कशीं पुसावीं तें दाखवीत असलेले आम्हीं पाहिले. घड्याळाकडे कोणाचेंच लक्ष नव्हतें.

याच ठिकाणीं 1974 सालीं स्वयंसेवकांनीं तो सांगाडा विकत घेऊन आणला. बाहेरचे दोन्ही सिलिंडर गेलेले. झडपांची यंत्रणा नाहींशी झालेली. मिळेल तेथून पैसा जमवून, नवे सिलिंडर ओतवून, एकेक भाग नव्यानें घडवीत ही मंडळी बारा वर्षें राबलीं. जुने नकाशे समोर ठेवून मोजमापें घेत असतां त्यांस एक विलक्षण गोष्ट आढळली. भट्टीखालच्या राखपेटीस हवा घेणारीं दारें नकाशाबरहुकूम नव्हतीं; तीं लहान केलेलीं होतीं. विस्तवाला श्वासच पुरत नव्हता, मग वाफ कोठून व्हावी! दारें नकाशाप्रमाणें मोठीं केलीं, धुराड्याची रचनाहि अधिक चांगली बसविली, आणि 1986 सालीं इंजिन पुन्हा वाफेवर चालूं लागलें. पुढें मुख्य मार्गावर अवजड गाड्या घेऊन तें चढ असे चढलें कीं, एके काळीं त्याला नांवें ठेवणारे चकित झाले.

रिडल्स यांस मात्र हें पाहावयास मिळालें नाहीं. ते 1983 सालींच वारले. आपली योजना खोटी नव्हती, एवढें ऐकावयास ते तीन वर्षें आणखी असते, तर किती बरें झालें असतें!

हें इंजिन कांचेआड ठेवलें असतें तर शोभेचें झालें असतें, पण त्याच्यावरील दोषारोप तसाच राहिला असता. तें पुन्हा चालवून पाहण्याचा हट्ट धरला, म्हणूनच खरें काय तें कळलें. आपल्या घरांतहि एखाद्या मुलावर ‘मठ्ठ’ म्हणून शिक्का बसतो आणि तो जन्मभर पुसला जात नाहीं. त्याच्या वाट्याला हवा पुरेशी येते कीं नाहीं, हें नकाशा घेऊन पाहणारा मात्र विरळा.